जुन्या घराची वायरिंग: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग बाकी सगळं

वीस-तीस वर्षं जुना फ्लॅट विकत घेतला किंवा गावचं घर दुरुस्तीला काढलं की विजेच्या कामाचा पहिला खर्च बहुधा मॉड्युलर स्विच आणि फॉल्स सीलिंगच्या दिव्यांवर होतो. भिंतीच्या आतली वायर, मीटरजवळची जुनी लोखंडी पेटी आणि जमिनीतलं अर्थिंग दिसत नाही, म्हणून राहून जातं. हा क्रम उलटा हवा. बजेट तोकडं असेल तर जुने काळे स्विच आणखी दोन वर्षं चालतील, पण अर्थिंग (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) आणि आरसीसीबी (अशी गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण) यांशिवाय एक पावसाळाही काढू नये. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

एक मर्यादा आधीच सांगायला हवी. दिवा, फ्यूज, स्विच किंवा पंखा जुन्याच्या जागी तसाच नवा बसवणं घरमालकाला चालतं. नवी लाइन ओढणं, पॉइंट वाढवणं, डीबी (घरभर लाइन वाटणारी पेटी) बदलणं ही कामं कायद्याने परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावी लागतात. हा लेख वाचून तुम्ही वायरमन होणार नाही, पण वायरमनला काय विचारायचं आणि त्याने केलेलं काम कसं तपासायचं हे कळेल.

पायरी १: मीटरपासून पाहत या

मीटर आणि त्याआधीची केबल वीज कंपनीची, मग ती महावितरण असो, मुंबईत बेस्ट असो किंवा आणखी कुणी. तिचं सील तोडायचं नाही. मीटरनंतरचं सगळं तुमच्या जबाबदारीचं.

मीटरजवळ जुना लोखंडी मेन स्विच असेल तर वायरमनकडून तो उघडून घ्या. आत चिनी मातीचे दोन फ्यूज, म्हणजे आपले किटकॅट, दिसले तर एक फेजवर (वीज आणणारी तार) आणि दुसरा न्यूट्रलवर (परतीची तार) आहे का ते बघा. न्यूट्रलवर फ्यूज ही जुन्या घरांत हमखास सापडणारी आणि जिवावर बेतणारी गोष्ट आहे. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घरातलं सगळं बंद पडतं, माणसाला वाटतं वीज गेली, आणि फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असते. न्यूट्रलमध्ये एकटा फ्यूज किंवा एकटा स्विच नियमाला धरून नाही. तोडायचे तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटले पाहिजेत, म्हणून मेनला डबल पोल एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा, दोन्ही तारा तोडणारा खटका) बसवतात.

मग वायर बघा. लाकडी पट्टीवर ठोकलेली रबरी वायर असेल तर चर्चा नको, सगळं बदला. ते रबर कडक होऊन तडकतं आणि हात लावला की गळून पडतं. ॲल्युमिनियमची वायर जुन्या सोसायट्यांत अजून आहे. तिचं दुखणं जॉइंटमध्ये असतं. स्क्रूखाली ती हळूहळू दबते, सैल होते, वर ऑक्साइडचा थर धरते आणि जॉइंट तापू लागतो. नव्या तांब्याच्या वायरला जुनी ॲल्युमिनियम पिळून वर टेप गुंडाळलेला दिसला, तर पुढची आग तिथूनच लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

वीस वर्षांची पीव्हीसी तांब्याची वायर मात्र दिसायला जुनी म्हणून फेकू नका. तिची मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) चाचणी करून घ्या. सगळी उपकरणं आणि दिवे काढायचे, मेन बंद करायचा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल असे इन्सुलेशनचे आकडे घ्यायचे. १ मेगाओहमच्या वर आकडा हवा. चांगल्या कोरड्या वायरिंगमध्ये तो कितीतरी पट जास्त येतो. एका सर्किटवर ५० आणि शेजारच्यावर २ आला, तर २ पास असला तरी त्या लाइनवर ओल किंवा चिरडलेली वायर आहे असं समजा. एखादा टीव्ही किंवा एलईडी लाइनवर राहिला तर आकडा चुकतोच, वर ते उपकरणही बिघडू शकतं.

पायरी २: अर्थिंग आहे की नुसती तिसरी वायर आहे?

सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नव्हे. तीन प्रकारची फसवी अर्थिंग नेहमी सापडते.

पहिलीत वरच्या मोठ्या भोकाला वायरच जोडलेली नसते.

दुसरी पाण्याच्या पाइपची. पूर्वी बाथरूमच्या सॉकेटचं अर्थिंग जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपला क्लॅम्प मारून घेत. नंतर सोसायटीने प्लंबिंग बदललं, लोखंडी पाइपच्या जागी प्लास्टिकचा पाइप आला आणि अर्थिंग कुणाला न कळता तुटलं. अर्धवट बदललेल्या पाइपलाइनमध्ये तर याहून वाईट होतं. तुमच्या गिझरचा करंट पाइपच्या उरलेल्या लोखंडी तुकड्यातून शेजारच्या नळापर्यंत जातो.

तिसरी सगळ्यात घातक. सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून छोटी वायर काढून अर्थच्या पिनला जोडलेली असते. टेस्टरने, मल्टिमीटरने सगळं ठीक दिसतं. ज्या दिवशी त्या लाइनचा न्यूट्रल कुठेतरी सुटतो, त्या दिवशी फ्रिजच्या पत्र्यावर आणि गिझरच्या टाकीवर थेट २३० व्होल्ट येतात.

ही लबाडी पकडायची एक सोपी रीत आहे. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आधी तीन आकडे घ्या. फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ अगदी कमी. मग त्याच बोर्डावरच्या शेजारच्या सॉकेटला इस्त्री किंवा किटली लावून चालू करा आणि न्यूट्रल-अर्थ पुन्हा मोजा. लोड आला की न्यूट्रलच्या वायरमध्ये थोडे व्होल्ट पडतात, म्हणून खऱ्या अर्थिंगला आकडा किंचित वाढलेला दिसतो, एखाद-दोन व्होल्ट. लोड चढूनही ठार शून्य राहिला तर सॉकेट उघडून बघायला सांगा. उलट तो आधीच दहा-पंधरा व्होल्टच्या वर असेल तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग तुटलेलं आहे. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हे वायरमनकडून, पण तुमच्यासमोर करून घ्या.

फेज-अर्थ २३० आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मल्टिमीटर जवळजवळ करंट ओढतच नाही, त्यामुळे गंजून केसाएवढ्या उरलेल्या अर्थ वायरवरही तो २३० दाखवतो. अर्थिंगचा खरा आकडा अर्थ टेस्टरने निघतो. त्यात अर्थिंगच्या खड्ड्यापासून अंतर ठेवून जमिनीत दोन सळया ठोकून रोध मोजतात. घरासाठी ५ ओहमच्या आत असावा हा व्यवहारातला दंडक.

नवं अर्थिंग करायचं असेल तर आयएस ३०४३ या भारतीय मानकात मापं दिलेली आहेत. प्लेट अर्थिंगला ६०० बाय ६०० मिमीची, ६.३ मिमी जाडीची जीआय प्लेट उभी पुरतात. तांब्याची असेल तर जाडी ३.१५ मिमी चालते. पाइप अर्थिंगला सुमारे ४० मिमी व्यासाचा, अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप. भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला नरसाळं आणि झाकणाची पेटी. मिठाने रोध उतरतो खरा, पण लोखंडही तेच खातं, म्हणून अशा खड्ड्याचं आयुष्य मर्यादित असतं. बेंटोनाइटसारखं मिश्रण भरलेले तयार इलेक्ट्रोड महाग पडतात, पण त्यांना दर उन्हाळ्यात पाणी घालत बसावं लागत नाही.

जमीन कसली आहे यावर बरंच अवलंबून असतं. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ओली असताना उत्तम, पण उन्हाळ्यात ती भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. सह्याद्रीच्या आसपास हात-दोन हातांवर कातळ लागतो, तिथे एका खड्ड्याने भागत नाही. दोन-तीन इलेक्ट्रोड अंतराने टाकून एकमेकांना जोडावे लागतात. कोकणच्या जांभ्यात पाणी थांबत नाही. म्हणून अर्थिंगचा आकडा मे महिन्यात घ्यावा. ऑगस्टमधला आकडा सगळ्यांचाच चांगला येतो.

फ्लॅटमध्ये स्वतःचा खड्डा खणता येत नाही. तिथे मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपासून तुमच्या डीबीपर्यंत अखंड अर्थ वायर येते का, हे शोधायचं. बऱ्याच जुन्या इमारतींत पट्टी असते, खड्डाही असतो, पण मजल्यावर चढणारी वायर कधीच टाकलेली नसते. हे काम सोसायटीच्या सभेत मांडून सगळ्यांचं एकदम करून घेणं स्वस्त पडतं.

पायरी ३: एमसीबी असताना आरसीसीबी कशाला?

हा प्रश्न नव्वद टक्के घरमालक विचारतात आणि उत्तर आकड्यांतच आहे.

ओल्या हाताच्या माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरा. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर जाईल. एवढा करंट हृदय बंद पाडायला पुरतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला मात्र तो जाणवतही नाही. तो १८ अँपिअरपर्यंत तासभर शांत बसतो आणि २३ अँपिअरलाही तासाभराच्या आत कधीतरी पडतो. एमसीबी वायर जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही.

मग अर्थिंग चांगलं असेल तर? समजा गिझरच्या कॉइलची फेज टाकीला टेकली आणि तुमचं अर्थिंग ५ ओहमचं आहे. २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर, आणि ट्रान्सफॉर्मरकडचा रोध धरला तर त्याहूनही कमी. सी प्रकारचा १६ अँपिअर एमसीबी झटक्यात पडायला पाचपट ते दहापट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. तेव्हा चांगलं अर्थिंग असूनही तो कित्येक सेकंद चालूच राहतो आणि तेवढा वेळ गिझरचं अंग जिवंत असतं. घरच्या स्वतंत्र खड्ड्याच्या भरवशावर एमसीबी पुरत नाही, तो यामुळे.

आरसीसीबी करंट किती आहे हे बघत नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे का एवढंच बघतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत, आणि फरक मोठा असेल तर ०.०४ सेकंदात तोडतो. घरगुती जोडणीसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही हीच ३० मिलिअँपिअरची मर्यादा आहे. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात. ते आग आणि मोठ्या गळतीसाठी असतात, माणसाच्या शॉकसाठी नव्हेत. डबीवरचा आकडा स्वतः वाचून घ्या.

घेताना आणखी दोन गोष्टी बघा. एसी टाइप (इथे एसी म्हणजे वातानुकूलन यंत्र नव्हे) साध्या लोडसाठी असतो. इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, इंडक्शन अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं असतील तर ए टाइप घ्या. दुसरं, आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही. म्हणून त्याचं रेटिंग आधीच्या मेन एमसीबीएवढं किंवा त्याहून जास्त हवं, म्हणजे ३२ किंवा ४० चा मेन असेल तर ४० चा आरसीसीबी. दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ घ्या.

डीबीतला क्रम असा: मीटरवरून आलेली वायर डबल पोल मेनला, तिथून आरसीसीबीला, आरसीसीबीतून फेज एमसीबींच्या पट्टीला आणि न्यूट्रल न्यूट्रलच्या पट्टीला. अर्थची पट्टी वेगळी. आरसीसीबीनंतर न्यूट्रल आणि अर्थ कुठेही एकमेकांना टेकता कामा नयेत.

संपूर्ण घराला एकच आरसीसीबी लावला की गिझरच्या गळतीने फ्रिजसकट सगळं घर अंधारात जातं. लोक वैतागतात आणि एके दिवशी आरसीसीबीला जम्पर मारून टाकतात, म्हणजे वायरने वळसा घालून तो निकामी करतात. ते टाळायचं तर दोन आरसीसीबी लावा, दिवे-पंखे-फ्रिज एकावर, स्वयंपाकघर-बाथरूम-बाहेरचे पॉइंट दुसऱ्यावर. किंवा गिझर आणि वॉशिंग मशीनला स्वतंत्र आरसीबीओ द्या. दोन आरसीसीबी असतील तर न्यूट्रलच्या पट्ट्याही दोन हव्यात आणि प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल आपापल्याच पट्टीवर हवा.

आरसीसीबीवर टी लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा. खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो बदला. एक गोष्ट मात्र आरसीसीबीच्याही आवाक्याबाहेरची आहे. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला तर त्याच्या लेखी तुम्ही एक दिवा असता.

आरसीसीबी सारखा पडत असेल तर

पडतो याचा अर्थ बहुतेक वेळा त्याला काहीतरी खरं सापडलेलं असतं. शोध असा घ्या.

१. घरातली सगळी उपकरणं प्लगसकट काढा. नुसता स्विच बंद करून चालत नाही, कारण न्यूट्रल जोडलेला राहतो.

२. सगळे एमसीबी खाली करा आणि आरसीसीबी वर करून बघा. इथेच पडला तर एखाद्या सर्किटचा न्यूट्रल अर्थला टेकला आहे किंवा आरसीसीबी खराब आहे. एमसीबी फक्त फेज तोडतात, त्यामुळे हा दोष त्यांनी वेगळा होत नाही. वायरमनला पट्टीवरून एकेक न्यूट्रल सोडवून बघावा लागतो.

३. टिकला तर एकेक एमसीबी चढवा. ज्यावर पडेल त्या लाइनमध्ये ओल किंवा चिरडलेली वायर आहे. पावसाळ्यात बाहेरचा दिवा, गॅलरीतला सॉकेट आणि बेलचं बटण हे पहिले संशयित.

४. सगळे एमसीबी चढवूनही टिकला तर एकेक उपकरण लावा. गिझरची कॉइल, कूलरचा पंप, वॉशिंग मशीन आणि जुनी इस्त्री यांत नेहमीचा गुन्हेगार सापडतो.

इन्व्हर्टर बसवल्यापासूनच पडायला लागला असेल तर बॅकअप लाइनचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला आहे. जिन्यातल्या दोन्हीकडून चालणाऱ्या दिव्यातही हीच भानगड असते, फेज एका सर्किटची आणि न्यूट्रल जवळ सापडला म्हणून दुसऱ्याच सर्किटचा.

पायरी ४: वायर आणि एमसीबीची जोडी जमवा

बाजारात वायरला दीडची, अडीचची, चारची म्हणतात. ते चौरस मिलिमीटर. घरात साधारण असं बसतं:

दिवे-पंख्यांना दीडची वायर आणि ६ किंवा १० अँपिअरचा एमसीबी. एका सर्किटवर दिवे, पंखे आणि ६ अँपिअरचे सॉकेट मिळून जास्तीत जास्त १० पॉइंट किंवा ८०० वॉट.

१६ अँपिअरच्या पॉवर सॉकेटला अडीचची वायर, १६ चा एमसीबी, आणि एका लाइनवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नाहीत.

गिझर, एसी, इंडक्शन यांना प्रत्येकी स्वतंत्र लाइन, चारची वायर, २० चा एमसीबी, एसीसाठी सी प्रकारचा. मीटरपासून डीबीपर्यंत लोड पाहून ६ किंवा १० ची. अर्थची वायर फेजच्याच मापाची. ‘अर्थला काय, दीडची चालते’ हे ऐकून घेऊ नका.

लोडचा हिशेब वॉट भागिले २३०. २००० वॉटचा साठवणीचा गिझर ८.७ अँपिअर, ३००० वॉटचा इन्स्टंट १३ अँपिअर. आता स्वयंपाकघर बघा. २००० चं इंडक्शन, १३०० चा मायक्रोवेव्ह, १५०० ची किटली एकाच अडीचच्या लाइनवर चालू केली तर ४८०० वॉट, जवळपास २१ अँपिअर. १६ चा एमसीबी काही वेळाने तापून पडतो. मग कुणीतरी ‘एमसीबी कमजोर आहे’ म्हणून तिथे ३२ चा बसवतो. त्यानंतर तो पडत नाही, वायर तापत राहते. एमसीबी वाढवायचा तर आधी वायर वाढवा. लाइन वेगळी काढणं त्याहून चांगलं.

वायरची कॉइल ९० मीटरची असते. तिच्यावर आयएसआय खूण, आयएस ६९४ आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की खरा-खोटा कळतो. भाव फारच कमी असेल तर तांबं कमी आहे. नव्या कामाला साधी एफआर (आग पसरू न देणारी) घेण्यापेक्षा जळताना कमी धूर करणारी घ्या. बंद फ्लॅटमध्ये आगीआधी धूर मारतो.

पायरी ५: सॉकेट आणि रंग

सॉकेटकडे तोंड करून उभे राहा. मोठं भोक वर अर्थचं, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच फेज तोडतो का हे टेस्टरने बघा: स्विच बंद केल्यावर सॉकेटमध्ये कुठेच दिवा लागता कामा नये. बंद केलेला एलईडी रात्री मंद मिणमिणत असेल तर स्विच न्यूट्रलवर असण्याची शंका घ्या. इंडिकेटरच्या स्विचमुळेही असं होतं, पण तपासलेलं बरं.

टेस्टरचा दिवा लागला तर वीज आहे, हे खरं. नाही लागला म्हणजे वीज नाही, हे खरं नाही. हात लावण्याआधी तोच टेस्टर चालू सॉकेटमध्ये बघा, मग कामाच्या जागी, मग पुन्हा चालू सॉकेटमध्ये.

रंगांत एक सापळा आहे. आपल्याकडे भिंतीतल्या वायरिंगमध्ये लाल, पिवळा, निळा या तीन फेज, काळा न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. उपकरणाच्या कॉर्डमध्ये मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्ट्यांचा अर्थ. म्हणजे थ्री फेज इमारतीत भिंतीतला निळा फेज असतो आणि मिक्सरच्या कॉर्डमधला निळा न्यूट्रल. रंगावर विसंबून प्लग जोडू नका, मोजा.

प्लगच्या भोकांभोवती तपकिरी डाग, किंवा गिझर दहा मिनिटं चालवून प्लग हाताला गरम लागणं, म्हणजे सॉकेटची पकड सैल झाली आहे. प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. जळलेल्या पिनेने नवा सॉकेटही जळतो. १६ चा प्लग ६ च्या सॉकेटमध्ये बसवायचे ॲडॉप्टर घरातून काढून टाका. एक्स्टेंशन बोर्डवर चार्जर, टीव्ही, राउटर ठीक. हीटर, इस्त्री, मायक्रोवेव्ह नाही. इलेक्ट्रिक स्कूटर रात्रभर लावायची असेल तर तिलाही स्वतंत्र लाइन द्या. तासन्‌तास सतत चालणारा लोड सैल जॉइंट लवकर उघडा पाडतो.

पायरी ६: पाणी आणि लोखंड जिथे एकत्र येतात

बाथरूममध्ये गिझरचा स्विच दाराबाहेर आणि डबल पोल हवा, सॉकेट शिंतोडे न पोचणाऱ्या उंचीवर. प्लास्टिकची बादली असो वा लोखंडी, पाण्यात सोडायचा रॉड असेल तर पाणी तापलं का हे बघायला आधी प्लग काढा, मग रॉड, मग हात. आरसीसीबी नसलेल्या घरात रॉड वापरूच नये.

विदर्भात आणि मराठवाड्यात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून दरवर्षी माणसं जातात, लहान मुलंही. पत्र्याचं अंग, तळाशी पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि दोन पिनांचा प्लग, म्हणजे अर्थ नाही. पंपाचं सील गेलं की पाणी आणि पत्रा दोन्ही जिवंत होतात. मार्चमध्ये कूलर माळ्यावरून काढताना हे करा:

पंपाच्या वायरला कुठे चीर आहे का बघा. असेल तर पंप बदला, टेप लावू नका. तीन कोरची कॉर्ड आणि तीन पिनांचा प्लग लावून हिरवी वायर रंग खरवडून पत्र्याला बोल्टने कसा. पंप आणि पंख्याच्या मोटरची अंगंही त्याच बोल्टला जोडा. आरसीसीबीच्या लाइनवरच लावा. पाणी भरताना प्लग बाहेर. खिडकीच्या लोखंडी गजाला टेकवून ठेवलेला कूलर गजालाही जिवंत करतो, मध्ये लाकडी फळी द्या.

दुसरी जागा कपडे वाळत घालायची तार. पत्र्याच्या घराला किंवा विजेच्या खांबाला बांधलेली लोखंडी तार आणि तिच्यावरून गेलेली सोललेली सर्व्हिस वायर हा पावसाळ्यातला ठरलेला अपघात. नायलॉनची दोरी घ्या. पत्र्याच्या छपरावरून वायर न्यायचीच असेल तर पाइपमधून न्या. पत्र्याच्या धारेवर वायर वाऱ्याने घासून सोलते.

इन्व्हर्टर असेल तर

मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या लाइनवर २३० व्होल्ट असतात. पंखा उतरवायला चढलेल्या माणसाला हे माहीत नसतं. डीबीच्या दारावर आतून ठळक लिहा: ‘मेनसोबत इन्व्हर्टर बंद करा’. बॅकअपच्या लाइनसाठी वेगळा एमसीबी, वेगळी न्यूट्रल पट्टी आणि वेगळा आरसीसीबी मागा, कारण वीज गेल्यावर त्या लाइनचा करंट मेनच्या आरसीसीबीतून जात नाही. बसवल्यावर मेन बंद करून, इन्व्हर्टरवर चालू असताना त्या लाइनची आरसीसीबी चाचणी टेस्टर यंत्राने करून घ्या. बॅटरीच्या खोलीत खिडकी हवी, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

न्यूट्रल तुटला तर

थ्री फेज इमारतीत मुख्य न्यूट्रल सुटला की एका घरात दिवे मंद होतात आणि दुसऱ्या घरात डोळे दिपवतात. २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. एमसीबी आणि आरसीसीबीला यातलं काही कळत नाही. दिवे अचानक फार प्रखर झाले तर विचार न करता मेन खाली करा, मग १९१२ वर कळवा. यावर उपाय म्हणजे मेननंतर बसणारं ओव्हर-व्होल्टेज तोडणारं उपकरण. टीव्ही, फ्रिज, एसीची किंमत पाहता ते महाग नाही. वळवाच्या पावसात कडकडाट सुरू झाला की टीव्ही आणि राउटरचे प्लग काढणं मात्र कुठल्याही उपकरणापेक्षा खात्रीचं.

वायरमनकडून काय लिहून घ्यायचं

ठेकेदाराचा परवाना बघा, त्याच्या माणसाचा वायरमन परवानाही. काम संपल्यावर पैसे चुकते करण्याआधी चाचणी अहवाल घ्या: प्रत्येक सर्किटचा इन्सुलेशनचा आकडा, अर्थिंगचा आकडा, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला ते (३० च्या आरसीसीबीने १५ ते ३० च्या दरम्यान पडायला हवं), आणि सगळ्या सॉकेटची फेज-न्यूट्रलची बाजू. भिंती प्लास्टर होण्याआधी पाइपांचे फोटो काढा, टेप धरून. पुढे पडद्याच्या दांड्यासाठी ड्रिल मारताना त्यांचा उपयोग होतो. एसी किंवा इंडक्शन वाढवलं असेल तर मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्जही याच वेळी वीज कंपनीकडे द्या.

डीबीच्या दारावर आतून प्रत्येक एमसीबीचं नाव मराठीत चिकटवा. ‘पॉवर १, पॉवर २’ नको, ‘मागच्या बेडरूमचा एसी’, ‘किचन ओटा’ असं. घरातल्या सगळ्यांना, आजी-आजोबांनाही, मेन कुठे आहे आणि तो खाली कसा करायचा हे एकदा करून दाखवा. कुणाला शॉक लागला तर आधी मेन, मग माणूस. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने वायरपासून सोडवा, हात लावू नका. श्वास चालू नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा आणि दुसऱ्याला १०८ ला फोन करायला सांगा. बोर्डातून जाळ निघाला तर पाणी नाही, ड्राय पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक.

पुढची देखभाल थोडीच आहे. महिन्याला आरसीसीबीचं बटण. मे महिन्यात अर्थिंगचा आकडा आणि कोळसा-मिठाच्या खड्ड्याला पाणी. वर्षातून एकदा मेन आणि इन्व्हर्टर बंद करून डीबीतले सगळे स्क्रू वायरमनकडून पुन्हा आवळून घ्या. पाच वर्षांनी मेगर.